सरावाच्या माळावर बाबा

सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे बर्लिनला आले होते. एका शनिवारी नवऱ्याला ऑफिसचं काम निघालं, म्हणून मीच त्यांना हायडं दाखवायला घेऊन गेले. हायडं म्हणजे खुरट्या झुडपांचं माळरान. ऑगस्टअखेर सगळं जांभळं फुलतं. अलीकडचा भाग निसर्गासाठी राखलेला, पलीकडे अजून लष्कराचा सराव चालतो.

वाटेच्या तोंडाशीच पाटी होती.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

"वाट सोडू नका, जिवाला धोका आहे. जमिनीत जुना दारूगोळा आहे म्हणे."

थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं, ते शेजारी नाहीत. वळून पाहिलं, तर वाळूत उमटलेल्या माझ्या पावलांवर नेमकं पाऊल ठेवत मागून येत होते.

"बाबा, दमलात का?"

"नाही. तू चाल."

लांब कुठेतरी तोफेचा दबका आवाज झाला, आणि ते जागच्या जागी थांबले. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. घरी बोलायचे ते बदल्यांबद्दल, थंडीबद्दल. त्या दिवशी उभ्या उभ्याच सांगू लागले.

"वाळवंटात आम्ही सुरुंग काढत होतो. नकाशाप्रमाणे सगळे निघाले, एक सोडून. वाळू सरकते ना. तसं लिहून कळवलं. वरून निरोप आला, पट्टा मोकळा समजा. सकाळी एक बाई शेळ्या घेऊन आली. म्हणाली, आता इकडून जाऊ का? मी म्हटलं, जा."

"मग?"

"गेली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी आमची तुकडी हलली."

"नंतर कधी चौकशी केलीत?"

"कोणाकडे करणार? नावसुद्धा विचारलं नव्हतं."

तिला काही झालं नसेल, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण म्हणवेना. आम्ही तिथूनच परतलो. घरी नवऱ्याने विचारलं, तर म्हणाले, "छान होतं. फुलं खूप होती."

ते परत गेले त्याला आता वर्ष होईल. फोनवर आम्ही तब्येतीचं, हवेचं बोलतो. तो विषय दोघंही काढत नाही. पण भर दुपारी काम करता करता मधेच ती बाई मला दिसते. शेळ्या पुढे घालून चाललेली, पाठमोरी.