शेवटच्या बाईसाठी टाळ्या

"अजून चार! अजून चार!"

सगळी बॅच शोभाताईंभोवती गोल करून उभी होती आणि टाळ्या वाजवत होती. स्पीकरचा आवाज वाढवलेला. जिमचे मालक बंटीभाऊ समोर उकिडवे बसून मोबाईल धरून होते. शोभाताई जमिनीवर हात टेकत, पाय मागे नेत, पाय पुढे घेत आणि कशाबशा उभ्या राहत. चार झाल्या. टाळ्या कडाडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. शोभाताई हसल्या.

ते हसू मला खरं वाटलं नाही. त्यांनी ओढणी उचलली, बाटली उचलली आणि कुणाकडे न बघता जिना उतरल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही.

मी नांदुऱ्यात बायकांच्या सकाळच्या बॅचची कोच आहे. आमच्याकडे जो व्यायाम चालतो त्याला हाय इंटेन्सिटी ग्रुप ट्रेनिंग म्हणतात. अर्थ सोपा आहे. थोडा वेळ पूर्ण जोर लावायचा, थोडं थांबायचं, परत जोर लावायचा, आणि हे सगळं घोळक्याने करायचं. मशिनवर एकट्याने चालण्यापेक्षा यात मजा येते. दमही लवकर लागतो. नवीन माणसाला तर पहिल्या पाच मिनिटांत घरची आठवण येते.

टाळ्यांची पद्धत बंटीभाऊंनी पुण्याहून आणलेली. तिथे एका शिबिरात त्यांना शिकवलं होतं की ग्रुपमध्ये कुणी एकट्याने शेवट करत नाही. ज्यांचं आधी संपलं त्यांनी शेवटच्या माणसाभोवती उभं राहायचं आणि त्याला टाळ्यांनी पार न्यायचं. ऐकायला छान वाटतं. भिंतीवर लिहायलाही छान वाटतं, आणि आमच्या भिंतीवर ते लिहिलेलं होतंच.

मी मोर्च्यांची पत्रकं वाटणाऱ्या घरात वाढले. तिथे एक सवय लागते. फार गोड काही ऐकू आलं की पहिला प्रश्न, यात फायदा कुणाचा? आमच्याकडे दर महिन्याला नव्या बाया येत आणि दोन आठवड्यांत दिसेनाशा होत. उरत त्या त्याच जुन्या, चपळ, पहिल्यापासून दणकट असलेल्या. मला हे खटकत होतं. वर्षाची फी आधीच घेतलेली असते. हॉल तर असा की नाव नोंदवलेल्या सगळ्या बाया एका सकाळी आल्या तर निम्म्यांना जिन्यात उभं राहावं लागेल. म्हणजे नव्या बायांनी जाणं मालकाच्या सोयीचंच होतं. हे ठरवून चाललं आहे का, असा संशय माझ्या मनात घर करून बसला.

मी सरळ विचारलं. "भाऊ, शोभाताई काऊन येऊन नाही राह्यल्या?"

"येतीन. नाही आल्या तं नाही." ते डंबेल जागेवर लावत होते. "मॅडम, जिम म्हंजे गाळनी असते. कमजोर मानूस गळून जाते."

"चहाच्या गाळणीत वर चोथा राहतो भाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सकाळी सकाळी कायले डोकं खाऊन राह्यली?"

मी शोभाताईंकडे जायचं ठरवलं.

त्या बाजार समितीत क्लार्क आहेत. गेटवर कुणाचा माल किती आला याची नोंद त्या करतात. पंचेचाळिशी ओलांडलेली, आवाज खणखणीत. अडते आणि हमाल दोघेही त्यांना वचकून असतात. मी गेले तेव्हा तुरीची आवक जोरात होती. शोभाताई गेटवरच्या आपल्या खिडकीत नव्हत्या. वजनकाट्याच्या पायऱ्या भराभर उतरून त्या माझ्याकडे येत होत्या.

"मालकानं धाडलं काय तुले?" हा पहिला प्रश्न. "पैसे वापस मागून नाही राह्यली मी. सांगजो त्याले."

"कुनी नाही धाडलं. मीच आली."

"कायले?"

"तुम्ही येऊन नाही राह्यल्या म्हनून."

"गुडघा दुखते."

"आत्ता पायऱ्या उतरताना तं बरा होता."

माझ्यामागे कुणी उभं आहे का ते त्यांनी पाहिलं. माझ्या हातातल्या मोबाईलकडेही पाहिलं. मी तो पिशवीत टाकला. तेवढ्यात पलीकडून पोतं पाठीवर घेऊन जाणारा एक हमाल ओरडला, "ताई, अजून चार! अजून चार!" त्याच्या मागचे दोघं खदाखदा हसले.

"थांब बे, तुह्या पोत्याची पावतीच नाही फाडत!" शोभाताईंनी तोंडानं परतवलं, पण कानापर्यंत लाल झाल्या होत्या. मला म्हणाल्या, "ऐकलं? तुमच्या मालकानं तो व्हिडिओ जिमच्या पेजवर टाकला. माह्या भाच्यानं पाह्यला, या हमालायनं पाह्यला, साऱ्या यार्डानं पाह्यला. वीस वरसं झाले इथं मले. कोनाची हिंमत नव्हती."

आम्ही कॅन्टीनच्या बाकावर बसलो. चहा आला.

"व्हिडिओ काढून टाकायला लावते मी," मी म्हटलं.

"व्हिडिओच नाही पोरी. त्या टाळ्या." त्यांनी बशी खाली ठेवली. "लग्नाच्या पंगतीत वाढनाऱ्याच्या हातून वरनाची बादली सांडली का पोट्टे काय करते?"

"टाळ्या वाजवते."

"हाव. मंग? तुह्या जिममध्ये मी रोज बादली सांडवतो आन तुम्ही सारे टाळ्या वाजवता. पहिल्या दिवशी वाटलं, असन बाप्पा त्याइची पद्धत. दुसऱ्या दिवशी रातभर तेच डोक्यात. उद्या बी मीच शेवटची. परवा बी मीच. सारे गोल करून पाह्यतीन."

"बायांच्या मनात चिडवायचं नव्हतं, ताई."

"तुले काय ठाऊक? तू तं पुढं उभी होती."

त्या बायांच्या मनात काय होतं ते मला खरंच माहीत नव्हतं.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांची साखर काठावर आलेली. त्यांच्या मोठ्या बहिणीने अशीच काठावरची साखर अंगावर काढली आणि पुढे तिच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. शोभाताईंना डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. खाणं सांभाळा, व्यायाम करा, नाही उतरली तर गोळी सुरू. गोळीला त्यांची हरकत नव्हती. पण गोळी सुरू झाल्यावर त्यांच्या बहिणीने चालणंसुद्धा सोडून दिलं होतं, आणि आपणही तेच करू अशी त्यांना भीती होती.

"मले व्यायाम पाह्यजे," त्या म्हणाल्या. "तमाशा नाही पाह्यजे."

परत येताना मी ऑटोत विचार करत होते. इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी. गटाचा व्यायाम दोन तऱ्हांनी लावता येतो. एका तऱ्हेत काम ठरलेलं असतं: इतक्या उठाबशा, इतक्या उड्या, ज्याचं संपेल तो मोकळा. यात कुणीतरी पहिलं येतं आणि कुणीतरी शेवटचं राहतंच. दुसऱ्या तऱ्हेत वेळ ठरलेला असतो. बझर वाजला की सगळ्यांनी सुरू करायचं, परत वाजला की सगळ्यांनी थांबायचं. मधे कुणी वीस केल्या, कुणी सहा केल्या. सगळे एकाच क्षणी सुरू होतात आणि एकाच क्षणी संपवतात. दम दोघींनाही सारखाच लागतो. आमच्याकडे कायम पहिली तऱ्हा चाले. का चाले, याचाही मला संशय होता. शेवटची बाई असल्याशिवाय टाळ्यांचा व्हिडिओ निघत नाही.

मी बंटीभाऊंना सांगितलं की सकाळची बॅच ठरलेल्या वेळाच्या तऱ्हेने, बझरवर चालवू. टाळ्या बंद, मोबाईल बंद. आणि तो व्हिडिओ काढून टाका.

त्यांनी हातातलं डंबेल खाली ठेवलं. मग म्हणाले, "तू बाजार समितीत गेली होती म्हने."

"हो."

"तिले फोडून राह्यली काय? सोताची बॅच काढाची हाय?"

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत होते तेव्हा ते माझ्यावर घेत होते. मला हसूच आलं, आणि त्यामुळे ते आणखी भडकले.

"बॅच काढायची असती तर तुम्हाला विचारायला कशाला आले असते? ती बाई व्हिडिओमुळे गेली. तिच्या कामावर तिची टिंगल होते. नव्या बाया का टिकत नाहीत ते मला आता कळलं. तुम्हाला त्या टिकायला हव्यात का, एवढंच सांगा."

"म्हंजे?"

"म्हणजे फी घेतली, बाई गेली, जागा मोकळी. असं आहे का?"

बंटीभाऊंचा चेहरा पडला. मी त्यांना चिडलेलं अनेकदा पाहिलं होतं, पण दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मी लहानपनी ढोल्या होतो," ते म्हणाले. "आखाड्यात जाओ तं एका कोपऱ्यात उभा. कोनी पाह्यत नव्हतं माह्याकडं. एकानं जरी टाळी वाजवली असती नं मॅडम, मी पाच वरसं आधी सुधरलो असतो. म्हनून मी टाळ्या वाजवतो."

मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला असं म्हणणार नाही. पण ते खोटं बोलत नव्हते. त्यांना जे मिळालं नव्हतं ते ते सगळ्यांना वाटत सुटले होते, आणि जोडीला त्याचा व्हिडिओही बनत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

"तुम्हाला हवी होती ती टाळी," मी म्हटलं. "शोभाताईंना नकोय. व्हिडिओ काढून टाकला नाहीत तर उद्यापासून मीही येणार नाही."

"धमकी देऊन राह्यली?"

"सांगून राह्यली."

संध्याकाळी त्यांनी व्हिडिओ काढून टाकला. मी दोनदा तपासलं.

शोभाताईंनीही तपासलं. मगच त्या आल्या. मी त्यांना आरशापासून लांब, मागच्या रांगेत जागा दिली. मी नवीन पद्धत समजावत होते तेव्हा वैशाली मॅडमनी हात वर केला. त्या शाळेत शिकवतात आणि नेहमी पहिल्या येतात.

"पण मंग पहिलं कोन आलं हे कसं कळन?"

मागून शोभाताईंचा आवाज आला. "बैलायचा शंकरपट हाय काय बाई इथं?"

बॅच हसली. वैशाली मॅडमना मात्र हसू आलं नाही. पुढचा आठवडाभर त्या आपले आकडे मनातल्या मनात मोजत होत्या, ओठ हलताना मला दिसायचे. मोजोत बापड्या.

बझर वाजला. शोभाताईंसाठी मी स्टूल ठेवलं होतं. त्यावर बसायचं आणि उठायचं, एवढंच. त्यांनी सुरू करताना डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. प्रत्येकीला स्वतःचाच श्वास पुरत नव्हता. मधेच त्या थांबल्या, गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. शेजारच्या दोघींचे हात सवयीने वर आले. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ते हात तसेच केसांकडे गेले आणि दोघींनी अंबाडे घट्ट केले. शोभाताई सरळ झाल्या आणि परत बसल्या, परत उठल्या. बझर वाजला. सगळ्या एकदम थांबल्या.

पुढे कौतुकाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. काहीच न बोलणं हेही बरोबर नाही. नवीन माणसाला आपण पुढे सरकतोय की नाही हे स्वतःला कळत नाही. मी ते चपलांच्या रॅकजवळ, हळू आवाजात सांगायला लागले. एकदा शोभाताई बूट घालत असताना म्हटलं, "आधी उठताना मांडीवर हात टेकत होत्या. आज नाही टेकले."

त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. "खरं बोलून राह्यली का धंद्याचं?"

"खरं."

"मंग ठीक."

स्टूल काही आठवड्यांनी सुटलं. उड्या मात्र त्यांनी आजही घेतलेल्या नाहीत आणि मी आग्रहही केलेला नाही. मधे दोनदा त्या आठवडाभर गायब झाल्या, एकदा भाचीच्या लग्नासाठी आणि एकदा नुसत्याच कंटाळ्याने. दोन्ही वेळा परत आल्या. पूर्वी अशा गेलेल्या बाया सहसा परत येत नसत, कारण परत आल्यावर गोल करून "वेलकम बॅक"च्या टाळ्या पडायच्या.

बंटीभाऊ आता म्हणतात की ही सगळी त्यांचीच कल्पना होती. संध्याकाळच्या पुरुषांच्या बॅचला टाळ्या अजून चालू आहेत. तिथलेही नवे गडी गळतात. मी बोलले, ते म्हणाले बघू. त्यांचं बघू म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत आहे.

तीन महिने झाल्यावर शोभाताई तपासणीला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्मअपच्या आधी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"उतरली," त्या म्हणाल्या. "पुरी नाही. पन गोळी नाही दिली. पुन्हा तीन महिन्यानं ये म्हने."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"लय कौतुक करू लागले. त्या नर्सबाईले बी बोलावून सांगू लागले. म्या म्हनलं डॉक्टरसाहेब, बस करा, रिपोर्ट द्या."

आणि त्या मागच्या रांगेत आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

नवखा माणूस टिकावा असं वाटत असेल तर आधी त्याच्याकडे बघणारे डोळे कमी करा. कौतुकाचं नंतर पाहता येईल, तेही त्याला विचारून.