धाकटीला कळवणला पाठवा

परवा गंगापूर रोडवर एका टेम्पोतून शेवंतीचा वास आला. नुकत्याच तोडलेल्या फुलांचा तो कडवट, हिरवा वास. त्याने लोकांना सण आठवतात, माझी मात्र कानशिलं तापतात. शहराच्या कडेला आमचा फुलांचा मळा आहे. मला पाहायला मंडळी येणार होती त्या दिवशी अंगणात अशाच शेवंतीचा ढीग पडला होता.

धाकटी बहीण तेव्हा कॉलेजात होती, म्हणजे नावापुरती. अंघोळ, जेवण, अभ्यास, सगळं हळूहळू तिच्या हातून सुटत गेलं होतं. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. आई तिला न्हाऊ घालायची, भरवायची, ती गप्प असली की शेजारी गप्प बसून राहायची. आणि नातलग? साधा ताप असता तर मोसंबी घेऊन आले असते. या आजाराला ते सल्ले घेऊन आले. नजर काढा, मोबाइल काढून घ्या, लाड बंद करा. जणू आईच्या मायेतूनच हा रोग उगवला होता! लेकराचं दुखणं पुरेसं नाही म्हणून की काय, आपला समाज आईला आरोपीही करतो.

त्या सकाळी कळवणहून काका जीप घेऊन आले.

"वहिनी, धाकटीचे कपडे पिशवीत भरा. दोन दिवस माझ्याकडं राहील. पाहुण्यांच्या नजरेला नको."

"भाऊजी, ती काय केर हाय का, पाहुणे यायच्या आत काढून टाकायला?"

"तसं नाय वो. आधी मोठीचं जमू द्या, मग सांगा काय सांगायचं ते."

"म्हंजे फसवून लग्न लावायचं? आन् धाकटीला काय सांगू, तू घरात दिसलीस की बहिणीचं मोडतं?"

वडील मान खाली घालून फुलांवर पाणी मारत राहिले. जीप रिकामीच परतली असती, पण काका पोह्यांसाठी थांबले.

दुपारी पाहुणे आले. "येतेस का बाहेर?" आईने धाकटीला विचारलं. तिने मान डोलावली आणि ती बाहेर आली. "ही आमची धाकटी," आई म्हणाली. "हिला मनाचा आजार आहे. औषध चालू आहे." मुलाच्या आईने कप खाली ठेवला. "घराण्यात आणखी कुणाला?" असं विचारत तिने मला डागी फळासारखं न्याहाळलं.

संध्याकाळीच नकार आला. "एकीपायी दुसरीचं वाटोळं केलंत, वहिनी," काका सर्वांदेखत बोलले. धाकटी रडायला लागली. "मी गेले असते तर..."

"तू गेली असतीस तर मीबी आले असते तुझ्यासंगं," आई म्हणाली. "मग चहा तुझ्या काकानं केला असता."

धाकटी नाक पुसत म्हणाली, "काकांना चहा नाय येत."

ती पूर्ण बरी झाली, असं लिहून मी तुम्हाला सुख देणार नाही. काही आठवडे उजळ जातात, काही काळवंडतात, आणि आई दोन्हींत तिच्याजवळ असते. काका आता मोबाइलवर मनाच्या आरोग्याचे संदेश पाठवतात, गुलाबाच्या चित्रासकट. काळ बदलला म्हणे. बदललाही असेल, पण पाहुणे येणार म्हटलं की आजही कुठल्या तरी घरातलं एक लेकरू मामाकडे, मावशीकडे रवाना होतं आणि उरलेलं घर सुखी दिसतं. वय वाढलं की राग निवतो, असं मोठी माणसं मला सांगतात. माझा निवायला नको आहे. कुठे अशी पिशवी भरली जात असेल, तिथे त्याने दार अडवून उभं राहावं.