नात्याचा रकाना

अकोल्यातल्या एका खासगी दवाखान्यात मी तीन महिने भरतीच्या काउंटरवर होते. तिथली कायमची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिच्या जागी मला घेतलं. पातूरहून सकाळच्या एसटीनं यायचं, आणि एकदा खुर्चीत बसलं की चहालाही उठायची सोय नाही.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी भाजी विकणारी एक बाई एका म्हातारीला ऑटोतून घेऊन आली. म्हातारी न्हाणीत घसरली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. फॉर्म भरताना मी नातं विचारलं. बाई म्हणाली, सून. नवऱ्याचं नाव विचारल्यावर कळलं, फारकत होऊन सहा वर्षं झाली होती.

आमचे सुपरवायझर मागेच उभे होते. फारकत झाली म्हणजे नातं संपलं, मुलाला बोलवा, त्याचीच सही लागेल, असं ते म्हणाले. मी मुलाला फोन लावला. आई जिच्याकडे राहते तिलाच विचारा, म्हणून त्यानं ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

तरी सुपरवायझर ऐकेनात. बाईनं आवाज चढवला नाही.

"नवऱ्याले सोडलं मी, सासूले नाई सोडलं," ती म्हणाली.

स्ट्रेचरवर म्हातारी कण्हत होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "हेच माही सून हाये. लिव तू."

मी नात्याच्या रकान्यात सून लिहिलं. बाईची सही घेतली, शेजारी म्हातारीचा अंगठा.

सुपरवायझरांनी खोडायला सांगितलं. मी म्हटलं, पेशंट शुद्धीत आहे, तिनं स्वतः सांगितलंय, मी खोडणार नाही. तुम्हाला खोडायचं तर खोडा, पण खाली तुमची सही करा. त्यांनी पेन उचललं, जरा वेळ हातात धरलं आणि ठेवून दिलं.

ऑपरेशन झालं. आठ-दहा दिवसांनी सून तिला घरी घेऊन गेली.

दवाखान्यानं माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. घडलं ते चार ओळींत लिहिलं. माफीचा शब्द घाला, असं दोनदा सांगूनही घातला नाही. महिनाभरानं माझी मुदत संपली. औषधाच्या काउंटरला एक जागा रिकामी होती, ती मला मिळाली नाही. मी मागायलाही गेले नाही. त्या रकान्यात मी चुकीचं लिहिलं असं आजही कोणाला वाटत असेल, तर त्यानं माझ्या तोंडावर येऊन सांगावं.