गणपतरावांच्या दुधाची परीक्षा

माणसाला माणूस कधी म्हणायचं, हे आमच्या शेजारचे गणपतराव ठरवतात. कसबा बावड्यात त्यांचा म्हशींचा गोठा आहे. रोज संध्याकाळी त्यातल्या दोघींना घेऊन ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभे राहतात आणि गिऱ्हाइकाच्या समोर पेल्यात धार काढून देतात. फेसासकट गटागटा पिऊन जो मिशी पुसतो, तो माणूस. जो "जरा गरम करून मिळेल का?" असं विचारतो, तो पुण्याचा.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, अनुजानं, जीवशास्त्रात एम.एस्सी. केलं. एकदा जेवताना ती म्हणाली, "आबा, आईचं दूध सुटलं की बहुतेक माणसांची दूध पचवायची ताकद कमी होत जाते. पण गुरं पाळणाऱ्या काही टोळ्यांत ती मोठेपणीही टिकली. दुष्काळात पीक गेलं तरी ते लोक दुधावर तगले, त्यांची पोरं वाढली."

"कुठल्या टोळ्या?"

"लांबलांबच्या. हजारो वर्षांपूर्वीच्या."

"आपल्या करवीर तालुक्यातल्याच असणार," गणपतराव म्हणाले आणि भाकरीकडं वळले. मानवाची उत्क्रांती त्यांच्यापुरती तिथंच पूर्ण झाली. मुलीच्या शिक्षणाचा फायदा एवढाच झाला, की दूध न पचणाऱ्याला पूर्वी ते नाजूक म्हणायचे, आता शास्त्राच्या आधारानं मागासलेला म्हणू लागले.

पंचाईत अशी, की अनुजाला लग्न करायचं होतं ते बिद्रीच्या राजवीरशी, आणि हा मुलगा नेमका मागासलेल्यांपैकी निघाला. गणपतरावांची जावयासाठी अट एकच होती. नोकरी, शेती, पत्रिका सगळं नंतर. आधी धारोष्ण दुधाचा पेला.

रविवारी परीक्षा घरच्याच गोठ्यात ठरली. आमची आणि गोठ्याची भिंत एकच, तीही बुटकी, त्यामुळं मला निमंत्रणाची गरज पडली नाही.

"घ्या पावणं. लाजायचं न्हाय."

राजवीरनं पेला हातात घेतला. अनुजाकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं आणि पेला परत पुढं केला. "मामा, मला दूध पचत न्हाय."

"मग आमची पोरगी कशी पचंल?" गणपतराव गरजले. "अनुजा, ह्येला वाटंला लाव!"

अनुजा रडकुंडीला आली. तेवढ्यात तिच्या आईनं, शालूबाईंनी, राजवीरच्या हातातला पेला काढून घेतला.

"मला बी पचत न्हाय," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"मला. लगीन हून आल्यापास्नं. तुम्ही रोज पेला हातात देतासा, मी चुलीपाशी नेऊन त्येला विरजण लावतो. दही पचतंय. पोटाला जमलं न्हाय ते हातानं केलं."

गणपतरावांचा आवाज पहिल्यांदाच भिंतीपलीकडं नीट पोचेना. "एवढी वर्सं? आन् बोलली न्हाईस?"

"बोललो असतो तर म्हायेरला धाडलं असतं की. आता धाडताय? धाडत असाल तर दोघास्नी एकदमच धाडा. मी आन् पावणं एकाच गाडीनं जातो."

गणपतराव विचारात पडले. विचार फार लांबला नाही, कारण सकाळपासून चूल शालूबाईंच्याच ताब्यात होती आणि तांबड्या रश्शाचा वास गोठ्यापर्यंत आला होता.

"पावण्यास्नी ताक द्या," ते अखेर म्हणाले. मग राजवीरच्या जवळ सरकून खालच्या आवाजात, "आन् कट्ट्यावर कुणाला सांगू नगासा."