तुरीला फुटलेली शिंगं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. भीतीपोटी.

"कोट्यातून खुर्ची मिळते, डोकं मिळत नाही."

विभागप्रमुख सर भर बैठकीत माझ्याकडे बघून म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. धनजच्या आमच्या वस्तीतून प्रयोगशाळेत पोचलेला मी पहिला. माझी चूक अख्ख्या वस्तीची ठरेल, ही धास्ती. त्या दिवसापासून सर बोलायला लागले की मी मान खाली घालायचो.

मग ती आली. शेलूबाजारच्या कापडवाल्याची मुलगी. संशोधक विद्यार्थिनी. तुरीच्या पानांतले आरएनएचे बारीक तुकडे कोणतं सॉफ्टवेअर नीट ओळखतं, हे ती पडताळत होती. कसोटी म्हणून तिनं माहितीत आधीच ठाऊक असलेले तुकडे स्वतःच मिसळले. वनस्पतींसाठी केलेल्या सॉफ्टवेअरला ते बहुतेक सापडले. सरांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरला जवळजवळ नाहीच. ते प्राण्यांसाठी बेतलेलं. आणि सरांचं सगळं नाव त्याच्यावर उभं.

"तुरीले शिंगं फुटले का हो काका?" ती हसली. "हे तिले ढोर समजून राह्यलं!"

मी स्वतः सगळं पुन्हा चालवून बघितलं. तेच आलं.

बैठकीच्या दारात ती म्हणाली, "काका, तुमी पाह्यलं, येवढंच सांगा. माह्यं एकटीचं कोनी आयकनार नाही."

सरांनी तिचे आलेख बाजूला सारले. "कापड मोजणारे आता विज्ञान मोजणार?" मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तपासलंत?"

कानात तेच जुनं हसू.

"नाही सर."

ती रडली नाही. आलेख गोळा करून निघाली. सरांनी तिचं मार्गदर्शन सोडलं. दुसऱ्या कोणी घेतलं नाही. संशोधन अर्धवट टाकून ती घरी गेली.

त्या सॉफ्टवेअरला दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं.

आता सरांचा सत्कार आहे. मी दोन शब्द बोलावेत, असा निरोप आला. बोलणार आहे. ती खरी होती, मी खोटं बोललो आणि सरांनी तिला हाकललं, हे त्याच सभागृहात सांगणार. भीती गेलेली नाही. भीतभीतच उभा राहीन. पण हसणार नाही.

तिच्यासमोर मात्र हे कबूल करायला जमलं नाही. गेल्या वर्षी तिच्या वडिलांच्या दुकानात गेलो होतो. ती गल्ल्यावर होती. तिनं चहा मागवला. मी तो संपवला.

"बेटी..."

"बोला ना, काका."

"उशीच्या अभ्र्याचं कापड दाखव."