थर्मासातला अर्धा बर्फ

बर्फाचं नाव काढलं की मला आजही स्वतःचाच राग येतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एटापल्लीकडच्या मातीतले जिवाणू मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात महिनाभर वाढवले, बारीक वाळू घालून खलात घोटले आणि त्यांची प्रथिनं आठ चिमुकल्या नळ्यांत भरली. जेलमधून वीज सोडून त्या प्रथिनांचे पट्टे वेगळे करायचं यंत्र होतं चंद्रपूरला. तिथे साबणासारखं एक रसायन घालून नमुने उकळले की ते टिकतात. तोवर बर्फातच हवेत, नाहीतर जिवाणूंचेच पाचकरस त्यांना खाऊन टाकतात. आणि ते रसायन तिथल्या सरांच्या कपाटात, कुलपात! यंत्रावर माझी पाळी कितीतरी महिन्यांनी आली होती. बाबांनी बजावलेलं, "यंदा नाई जमलं तं शिक्षण बस. मंग लगीन."

मे महिना. बर्फाच्या कारखान्यातून थर्मास भरून घेतला, त्यात नळ्या खोचल्या नि एसटीत बसले. मूल गावाच्या अलीकडे, भर जंगलात, गाडी बंद पडली. दुसरी येईपर्यंत बसा म्हणे. मी झाकण काढून बर्फ बघितला, तिथेच चुकलं. शेजारच्या बाईच्या मांडीवर तापानं फणफणलेली पोरगी होती.

"बाई, थोडासा बर्फ द्या न. पोरीच्या डोक्शावर ठेवतो."

"औषध आहे त्याच्यात," मी चक्क खोटं बोलले.

ती पदरानं वारा घालत राहिली. शेवटी मलाच राहवेना. पण द्यायचा तर सगळा द्यावा की नाही? छे! अर्धा तिला दिला, अर्धा नळ्यांना ठेवला.

पदरात बांधून तिनं तो पोरीच्या कपाळावर धरला. बघता बघता पाणी झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी झाकण घट्ट फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दुसरी गाडी आली तेव्हा पोरगी रडायची थांबली होती.

"झोपली न?" मी विचारलं. तिनं पोरीला छातीशी आवळलं. मूलला उतरून ती दवाखान्याकडे पळत गेली. पुढचं मला माहीत नाही.

चंद्रपूरला थर्मासात कोमट पाणी. तरी नमुने उकळले, जेलच्या खाचांत भरले. दुसऱ्या दिवशी रंगवलेला जेल धुऊन पाहिला. सरांच्या नमुन्याचे पट्टे कसे स्वच्छ! माझ्या आठही जागी नुसता निळा फराटा. झालं, गेलं शिक्षण.

"बर्फ कमी पडला का?" सरांनी विचारलं.

"हो सर, कमी पडला," मी म्हणाले आणि मला जे रडू फुटलं ते आवरेचना.

सर बिचारे गोंधळून गेले. "अगं, रडतेस काय? नमुने काय, पुन्हा करता येतात."