पहिल्या आग्रहाला ‘नको’

भरल्या टेबलासमोर बसून पाच धडधाकट माणसं उपाशी राहू शकतात, हे मला गंगापूर रोडवरच्या एका बारमध्ये कळलं.

मी बारमध्ये गेलो कसा, ते आधी सांगतो. (आमच्या समोरच्या काकूंनी मला आत शिरताना पाहिलं आहे. खुलासा केलेला बरा.) आमची मुक्ता एका सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, मला ओंकारशी लग्न करायचंय." ओंकार काय करतो? तर नव्याने उघडलेल्या कॉकटेल बारमध्ये शेफ! तिथे म्हणे ताट नसतंच. लहान लहान बशा येतात आणि त्यातलं सगळ्यांनी मिळून खायचं. मुक्ताचा बेत असा होता, की दोन्हीकडच्या आईवडिलांनी तिथेच भेटायचं, ओंकारच्या हातचं खायचं आणि तिथेच काय ते हो-नाही सांगायचं.

"बाबा, त्याची परीक्षा आहे. नीट खा हं!" तिने मला बजावलं. खाण्याच्या बाबतीत मला बजावावं लागेल, असं आमच्या घरात आजवर कुणालाही वाटलं नव्हतं.

ओंकारचे वडील वसंतराव हे निफाडचे द्राक्ष बागायतदार. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. सोबत त्यांच्या पत्नी मंदाताई, जरीकाठाच्या साडीत. बारमधली स्टुलं इतकी उंच होती, की मंदाताईंना माझ्या बायकोने, शुभदाने, खालून आधार देऊन वर चढवलं. ओळख तिथेच वाढली.

"ड्रिंक्समध्ये काय घेणार सर?" वेटरने विचारलं.

मी वसंतरावांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी घेत नाही," मी म्हणालो.

"आपल्याला तर वास बी सहन होत नाय," वसंतराव म्हणाले.

शुभदाला अचानक ठसका लागला. पाठोपाठ मंदाताईंनाही लागला! अशा रीतीने नाशिकमधल्या सर्वांत नव्या कॉकटेल बारमध्ये आम्ही पाच ग्लास कैरीचं पन्हं मागवलं.

मग पहिली बशी आली. भाजलेल्या रताळ्याचे चार काप, प्रत्येकावर दह्याचा ठिपका, ठिपक्यावर एक फूल. काप चार आणि मुक्ता धरून माणसं पाच. घोळाला सुरुवात झाली ती इथे.

आमच्याकडची रीत अशी, की पहिल्या आग्रहाला ‘हो’ म्हणणारा माणूस अधाशी. दुसऱ्याला म्हणणारा उतावळा. तिसऱ्या आग्रहाला, तेही ताटावर आडवा हात धरून, "बरं, अर्धंच वाढा" असं म्हणायचं असतं. निफाडकडेही रीत हीच आहे, किंबहुना जरा जास्तच कडक आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"घ्या ना," मी वसंतरावांना म्हणालो.

"आधी तुमी."

"छे, छे! मंदाताई, तुम्ही तरी."

मंदाताईंनी एक काप उचलून शुभदाच्या पुढ्यात ठेवला. शुभदाने तो वसंतरावांना दिला. वसंतरावांनी माझ्याकडे सरकवला, मी परत बशीत ठेवला. सगळ्या टेबलाची प्रदक्षिणा घालून काप घरी आला होता, फक्त त्याचं फूल वाटेत पडलं होतं.

"हे नेऊ का सर?" वेटर म्हणाला.

"न्या, न्या," मी हसून म्हणालो. आता ‘न्या’ म्हणजे ‘राहू द्या हो, अजून एकदा विचारा’, हे कुणालाही कळतं! त्याने बशी खरोखरच नेली.

दुसऱ्या बशीत मशरूम आले. तिसरीत पनीर आलं, काचेच्या झाकणाखाली, धुरासकट. दोन्ही बशा जशा आल्या तशाच आत गेल्या. सकाळी पोहे खाल्ल्यापासून माझ्या पोटात काही नव्हतं. (संध्याकाळसाठी जागा ठेवली होती!) प्रत्येक जाणाऱ्या बशीला मी डोळ्यांनी निरोप देत होतो.

मुक्ताने दातओठ खात कुजबुजून सांगितलं, "बाबा, एकदा तरी हो म्हणा ना!" आणि टेबलाखालून मला लाथ मारली. ती लागली वसंतरावांना. होणाऱ्या सुनेने लाथेने खूण केली, म्हणजे खाऊ नका असंच सांगत असणार, असा अर्थ काढून त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले ते घेतलेच.

तेवढ्यात मुक्ताचा फोन वाजला. मेसेज वाचून तिचा चेहरा पडला. "ओंकार विचारतोय, काय चुकलं? सगळ्या बशा परत येताहेत."

मागोमाग तो स्वतःच आला. कपाळावर घाम, हातात गरम कचोऱ्यांची बशी.

"काका, मीठ जास्त झालं का?"

"छे! उत्तम!"

"पण तुम्ही चाखलंच नाही."

वसंतरावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "पाव्हणं, पोराच्या हातचं रुचत नसंल तर सरळ सांगा. आमी रागवनार नाय. पण ते रातभर झोपलेलं नाय."

"अहो, तुम्हीच हात लावला नाही, मग मी कसा लावणार?"

"तुमी पोरीकडचे, आधी तुमी!"

"तुम्ही मोठे, आधी तुम्ही!"

मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या शिष्टाचारापायी पोरीचं लग्न मोडतंय, या विचाराने मला भयंकर लाज वाटली. मी बशीतली एक कचोरी उचलली आणि अख्खी तोंडात टाकली.

कचोरी थेट कढईतून आली होती. टाळूपासून कानापर्यंत सगळं पेटलं. थुंकावी तर नकार ठरणार, गिळावी तर मी जाणार! डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. काही बोलता येईना, म्हणून मी जोरजोरात मान हलवली.

"बघा, बघा!" वसंतराव गहिवरले. "बापाच्या डोळ्यात पाणी आलं! मंदे, होकार आला गं!"

मंदाताईंनी दुसरी कचोरी मोडून अर्धी शुभदाला भरवली, अर्धी तिच्या हातून स्वतः खाल्ली. तिसरी मुक्ताने आणि ओंकारने वाटून घेतली. उरली एक. तिच्यावर माझा आणि वसंतरावांचा हात एकदमच पडला, आणि दोघांपैकी कुणीही सोडायला तयार होईना. ओंकारने हसत हसत परत गेलेलं सगळं नव्याने बनवून आणलं, तेव्हा कुठे ती सुटली.

"आन् पोरा," वसंतराव म्हणाले, "आपल्या द्राक्षांचं ते काय जिन घालून बनवतो म्हणत व्हतास? ते दोन आन."

"तुम्हाला वास सहन होत नाही ना?" मी भाजलेल्या जिभेने विचारलं.

"नाय ना होत. म्हनून चटकन पिऊन टाकायचं."

लग्न झालं, पोरं सुखात आहेत. मी मात्र त्या संध्याकाळचा धडा कायमचा घेतला. निफाडला गेलो, की मंदाताई पुरणपोळी घेऊन स्वयंपाकघरातून निघतात न निघतात, तोच मी ताट पुढे करतो. परवा तिसऱ्या पोळीला मुक्ताने मान खाली घातली आणि दातओठ खात कुजबुजली, "बाबा, एकदा तरी नको म्हणा ना!"